फेनस्ट्राबाईंचा साखरेचा तक्ता

लव्हॉन फेनस्ट्रा टॅमरॅकच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं होती. उंचीने बेताची, हाताची सढळ. बोलणं असं की बाई रागावल्यात की लाड करताहेत, हे मुलांना ताटात काय पडलं त्यावरूनच कळायचं. "ताट पुढे कर. अजून पुढे. मी काय इथून नेम धरू?" असं म्हणत ती बटाट्याचा लगदा दुप्पट वाढायची.

टॅमरॅक हे मिशिगनमधलं लहानसं गाव, आणि गावाचं पोट भरायचं ते सीरियलच्या, म्हणजे सकाळी दुधात घालून खायच्या कुरकुरीत धान्याच्या, कारखान्यावर. त्याला सगळे नुसतं 'प्लँट' म्हणत. वारा पूर्वेचा असला की शाळेच्या पटांगणापर्यंत भाजलेल्या मक्याचा वास यायचा. लव्हॉनचा नवरा गेरिटही तिथेच होता, 'गोल्डन ड्रम्स' या सीरियलच्या लाइनवर. मक्याचे फुगलेले गोळे भल्यामोठ्या फिरत्या पिंपात पडत आणि त्यांच्यावर साखरेचा पाक सोडायचा, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. घरी आला की शर्टाच्या बाह्या मनगटाशी कडक झालेल्या असायच्या, आणि लव्हॉन त्या धुण्याआधी गरम पाण्यात बुडवून ठेवायची.

१९७६ च्या सप्टेंबरात शाळेने मुलांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. लांबच्या शेतांवरची मुलं सातच्या बसने यायची, कितीतरी उपाशीच. प्लँटने ड्रम्सचे खोके जवळजवळ फुकटात देऊ केले. सगळ्यांना आनंद झाला, लव्हॉनला सगळ्यात जास्त. पहिल्या दिवशी मुलांनी वाट्या चाटूनपुसून स्वच्छ केल्या. वाटीच्या तळाशी उरलेलं पिवळं गोड दूधही कुणी सोडलं नाही.

पण नाताळ उलटेपर्यंत तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. साडेनऊ वाजले की स्वयंपाकघराच्या खिडकीशी कुणीतरी डोकवायचं. दुसरीतली रोंडा तर रोजच.

"फेनस्ट्राबाई, जेवण झालं का तयार?"

"आत्ता तर खाल्लंस ना गं? दोन वाट्या खाल्ल्यास. मी मोजल्यात."

"ते सकाळचं होतं," रोंडा म्हणाली. जणू सकाळ होऊन चार दिवस लोटले होते.

दहाच्या सुमाराला वर्गात निम्मी मुलं बाकावर डोकं टेकतात, असं शिक्षिकाही सांगत. घरून अंडं-पाव खाऊन येणारी मुलं मात्र टुणटुणीत असत. लव्हॉनने खोका उचलून पाठीमागचा मजकूर वाचला. जीवनसत्त्वं आठ, लोह इतकं, प्रथिनं इतकी. साखर किती, याचा आकडा कुठेच नव्हता. त्या काळी तो छापायची सक्तीच नव्हती. घटकांच्या यादीत साखर पहिली होती, एवढंच.

तिने रात्रीच्या जेवणाला सरळ नवऱ्याला विचारलं. "गेरिट, ड्रम्समध्ये साखर किती घालता रे तुम्ही?"

गेरिटने काटा खाली ठेवला. "ते सांगता येणार नाही. सही केलीय मी कागदावर. पिंपात काय जातं ते पिंपापाशीच राहायचं."

"मी बायको आहे तुझी."

"कागदावर बायकोचं वेगळं काही लिहिलेलं नाही."

गेरिट फेनस्ट्रा शब्दाचा पक्का माणूस होता. त्याच्याशी लग्न केलं तेही त्यासाठीच, हे आठवून लव्हॉन गप्प बसली. पण विषय तिच्या डोक्यातून गेला नाही.

मार्चात मेपलच्या झाडांतून गोड रस ठिबकू लागला; तो आटवून पाक करतात. शेजारच्या ओपलच्या रानात मेपलची दोनेकशे झाडं होती, आणि दरवर्षी लव्हॉन तिच्याकडे बादल्या उचलायला जायची. ओपल सत्तरीची विधवा, बारीक, चिवट, तोंडाने फटकळ. बादलीतला रस ती एका उंच पेल्यात ओतायची आणि त्यात काचेची एक नळी सोडायची. नळी जितकी वर तरंगेल तितकी रसात साखर जास्त. नळीवरच्या रेघा बघून ओपल सांगायची, "या झाडाचा दोन. त्याचा तीन. हे म्हातारं माझ्यासारखंच, एकावर आलंय."

लव्हॉन नळीकडे बघत राहिली. "ओपल, हिला काय, पाण्यात विरघळलेली कुठलीही साखर कळेल का?"

"तिला काय माहीत झाडातली कुठली आणि डब्यातली कुठली?"

"मग मला दे चार दिवस."

"फोडलीस तर तुझ्या नवऱ्याला बादल्या उचलायला लावीन."

त्या शनिवारी लव्हॉनने गावच्या दुकानात मिळतात तेवढी अकरा प्रकारची सीरियल्स आणून ओट्यावर मांडली. आधी तिने नुसतं साखरपाणी करून पाहिलं, एक भाग, दोन भाग, पाच भाग, म्हणजे नळी कुठे थांबते ते कळावं. मग एकेक सीरियल तोलून घ्यायचं, नऊपट थंड पाण्यात भिजवायचं, फडक्यातून गाळायचं आणि नळी सोडायची. नळीवरचा आकडा दहापट केला की शंभर भागांतली साखर कळायची. शाळेतला जुना तराजू तिने घरी आणला होता. गेरिट पेपर वाचत बसला होता. त्याने विचारलंही नाही काय चाललंय ते. तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता बिचारा.

तीन शनिवार ती हेच करत होती. आकडे बघून काही वेळा तिला हसू आलं, काही वेळा राग. जे सीरियल खोक्यावर व्यायाम करणारा माणूस दाखवायचं, त्यात शंभर भागांत तीस भाग साखर. मुलांचं म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड वॅगन'मध्ये एक्केचाळीस. सगळ्यात वाईट तिला वाटलं ते फुगवलेल्या तांदळाचं. लहानपणी तिच्या आईने रोज तेच दिलं होतं, आणि 'पौष्टिक' म्हणूनच दिलं होतं. साखर शून्य, हे खरं. पण वाटीभर तांदूळ तोलला तर एका अंड्याच्या चौथाईइतकाही भरेना. प्रथिनं नावाला, जीवनसत्त्वं घातलेलीच नाहीत. वाटीभर हवा. तिने आकडा लिहिला आणि थोडा वेळ आईची आठवण काढत बसली.

शेवटी ड्रम्स. त्रेचाळीस आले. तिने कागद टेबलावर ठेवला आणि जेवण वाढलं. गेरिटने चष्मा लावला, कागद जवळ ओढला आणि ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत आला. तिथे बोट थांबलं.

मग म्हणाला, "फडकं नीट पिळलं नव्हतंस तू."

लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं. तो बटाटे वाढून घेत होता.

जेवण तसंच टाकून ती उठली, नवीन माप भिजवलं, गाळलं, आणि फडकं दोन्ही हातांनी मनगटं दुखेपर्यंत पिळलं. नळी पहिल्यापेक्षा जरा वर थांबली. पंचेचाळीस.

गेरिट एवढंच म्हणाला, "बटाटे थंड झाले तुझे." त्याने काही सांगितलं नव्हतं. दिलेला शब्द मोडला नव्हता. पण आकडा बरोबर आहे हे आता ओट्यापाशी उभी असलेली बाई आणि टेबलापाशी बसलेला माणूस, दोघांनाही माहीत होतं. लव्हॉनने त्याच्या खांद्यावरून हात फिरवला आणि जेवायला बसली.

एप्रिलमध्ये शाळेच्या मंडळाची सभा होती. मुख्याध्यापक कोवाल्चिक सभ्य पण भित्रा गृहस्थ. त्याने तक्ता वाचून कपाळाला हात लावला. "लव्हॉन, अर्धं मंडळ प्लँटमध्ये कामाला आहे. तुझा स्वतःचा नवरा तिथे आहे."

"म्हणूनच बोलायला येतेय. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याच्या पोटावर पाय नको यायला."

सभेला प्लँटचे व्यवस्थापक मर्ल ऑस्ट्रँडर स्वतः आले होते. उंच, पांढरे केस, आवाज कधी न चढवणारे. लव्हॉनने तक्ता वाचून दाखवला. ऑस्ट्रँडर म्हणाले, "फेनस्ट्राबाई, पंचेचाळीस हा आकडा तुम्हाला कुणी दिला?"

प्रश्न साधा होता, पण त्याचा रोख कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळलं. मागच्या रांगेत गेरिट टोपी हातात धरून बसला होता. तिच्या मनात आलं, पंचेचाळीसऐवजी त्रेचाळीसच लिहिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

"कुणी दिला नाही, मोजला," ती म्हणाली. "पुन्हा मोजून दाखवते. अर्धा तास लागेल. कॉफी घ्या तोवर."

आणि तिने खरंच मोजून दाखवलं. सगळं मंडळ स्वयंपाकघरात गोळा झालं. शाळेच्याच कोठीतला न उघडलेला खोका ऑस्ट्रँडरांनी स्वतः फोडला. तराजूचा काटा कोवाल्चिकने वाचला. फडकं तिने ऑस्ट्रँडरांच्याच हातात दिलं. "घट्ट पिळा. अजून. सही करणारे हात दिसतात तुमचे."

कुणीतरी हसलं. ऑस्ट्रँडरांनी कोट काढला आणि पिळलं. नळी सोडली. त्यांनी वाकून रेघ वाचली आणि सरळ उभे राहिले.

"चव्वेचाळीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये," ते म्हणाले. फडकं ओट्यावर ठेवून पुढे म्हणाले, "बाईंना कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. मात्र एक सांगतो. आमच्या ड्रम्समध्ये आठ जीवनसत्त्वं आहेत, लोह आहे. तुमच्या त्या फुगवलेल्या तांदळात यातलं काहीच नाही."

"खरं आहे. तक्त्यावर लिहिलंय मी ते. तिसरी ओळ बघा."

त्यांनी चष्मा लावून तिसरी ओळ वाचली. "लिहिलंय," ते म्हणाले. त्यानंतरचं बोलणं भांडणासारखं राहिलं नाही. प्लँटमध्येच साधे गव्हाचे फ्लेक्स निघत, त्यांत साखर दहा भाग आणि जीवनसत्त्वं तीच. तेच चार दिवस द्यायचे, ड्रम्स फक्त शुक्रवारी, आणि रोज एक उकडलेलं अंडं, असं चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं.

मुलांनी पहिला महिना तोंडं वाकडी केली. एकाने लव्हॉनचं नाव 'साखरचोर' ठेवलं. तिने त्याला दोन अंडी वाढली आणि म्हणाली, "चोराच्या घरचं आहे, लपवून खा." साडेनऊला खिडकीशी येणारी डोकी हळूहळू कमी झाली. रोंडा मात्र येतच राहिली, पण आता नुसती गप्पा मारायला.

मोठ्या माणसांचं इतकं सोपं गेलं नाही. पिंपापाशी गेरिटला टोमणे ऐकावे लागले. "हात आखडता घे रे, घरी फडकं पिळून बघतील." तो हसून सोडून द्यायचा. लव्हॉनला लागलं ते वेगळंच. नऊ वर्षं ती गुरुवारी प्लँटवाल्यांच्या बायकांच्या टीममध्ये बोलिंग, म्हणजे जड चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायचा खेळ, खेळायची. मे महिन्यात नवी यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. कप्तान बर्निस, तिचा नवरा डेल पॅकिंगमध्ये फोरमन. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. गुरुवारी संध्याकाळी लव्हॉन घरी पडदे शिवत बसायची, आणि त्या उन्हाळ्यात घरातले सगळे पडदे नवे झाले.

"माफी मागू का मी?" तिने एकदा गेरिटला विचारलं.

"कशाबद्दल?"

"तेच तर सुचत नाही."

"मग पडदे शीव," तो म्हणाला, आणि सुईत दोरा ओवून दिला.

ऑक्टोबरात एका दुपारी शाळेच्या मागच्या दाराशी बर्निस उभी राहिली. हातात कागदी पिशवी, पिशवीत चार खोके. आत येऊ की नको अशी.

"डेलला साखरेचा आजार निघालाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात साखर बंद. आणि हा माणूस सकाळी सीरियलशिवाय काही खात नाही. खोक्यावर तर काही लिहिलेलं नाही. तुझ्या तक्त्यात हे चार नाहीत."

लव्हॉनने हात पुसले. "ओट्यावर ठेव. ते फडकं दे इकडे."

दोघी तासभर खपल्या. बर्निसने नळी स्वतः सोडली, रेघ स्वतः वाचली, चारदा. एक खोका तिने तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकला. लव्हॉनने तिला हेही सांगितलं की नुसती साखर बघून भागणार नाही, वाटी लहान घे आणि सोबत अंडं दे, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय माझं ऐकू नकोस.

जाताना बर्निस दारात रेंगाळली. "गुरुवारी आमच्यात एक माणूस कमी आहे."

"मला सराव नाही राहिला."

"तसाही कधी होता?"

लव्हॉन हसली. ती पुढे तेरा वर्षं त्या स्वयंपाकघरात राहिली. तक्ता चार वेळा नव्याने लिहिला, कारण दर दोन-तीन वर्षांनी नवे खोके यायचे आणि जुने बदलायचे. ओपलने नळी कधी परत मागितली नाही, स्वतःसाठी दुसरी आणली. गावातल्या आया दुकानात लव्हॉनला गाठून विचारायच्या, कुठलं घेऊ? ती कधीच लगेच नाव सांगायची नाही. आधी विचारायची, "खाणार कोण आहे? आणि दुपारच्या जेवणाला त्याला किती वेळ आहे?" मग सगळं ऐकून घेऊन, हातातली टोपली खाली ठेवून, एकेक खोका उलटा करायची.