इंकोरोनाताची सुई

आज चर्चमधली माझी सकाळची मिस्सा चुकली. आजारपण सोडलं तर असं कधी होत नाही, म्हणून कारण लिहून ठेवते. समोरच्या इंकोरोनाताची सुई हरवली होती.

इंकोरोनाता लग्न होऊन बारी शहराच्या जुन्या भागातल्या आमच्या या गल्लीत आली, तेव्हा तिला शिवण उत्तम यायचं, स्वयंपाक बेताचा. अजूनही ती नवरीच्या पोशाखांचे घेर शिवून देते. नवरा निकोला बोटीवर होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नाही. माहेरी बोलावत होते, पण ही हलली नाही, कारण घरात सासरे. ओरोंझोआजोबा. एके काळी दारूची पिंपं बनवायचे. आता तोंडात दात नाहीत, डोळ्यांना अंधुक दिसतं, जीभ मात्र शाबूत आहे.

रविवारी आमच्या घराघरांत ब्राशोले होतात. बीफच्या पातळ कापावर चीज, लसूण, पार्सली आणि डुकराच्या चरबीचा तुकडा ठेवायचा, गुंडाळी करायची, लाकडी काडी खोचून ती बंद करायची आणि टोमॅटोच्या रश्शात सकाळपासून मंद शिजवायची. रस्सा पास्त्यावर, गुंडाळ्या त्यानंतर. सगळी गल्ली काडी खोचते. इंकोरोनाता शिवते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काडीचा तुकडा निकोलाच्या घशात अडकला होता, पार रक्त आलं. त्यानंतर तिने घरात काडी येऊ दिली नाही. जाड पांढऱ्या दोऱ्याने टाके घालते आणि वाढताना दोरा ओढून काढते. बायका विचारतात, "काय गं, बाह्या कधी लावणार?" आणि आजोबा कितीतरी वर्षं एकच म्हणत आलेत, "आमची सून मांसाला फ्रॉक शिवते. एक दिवस सुई खायला घालेल मला."

सकाळी मी डोक्याला रुमाल बांधत होते, तेवढ्यात ती दारात आली. हात रश्शाने लाल, चेहरा पांढराफटक.

"अस्सुंताताई, सुई नाही."

"कुठली सुई?"

"ब्राशोल्यांची. दोरा ओवून टेबलावर ठेवली होती. म्हणजे ठेवली होती असं वाटतंय. सगळे कधीच शिजायला टाकलेत हो मी!"

मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. मातीचं भांडं शांतपणे गदगदत होतं, वास असा की एरवी भूक लागली असती. आम्ही टेबल उचलून पाहिलं, फरशी झाडली, तिचा अ‍ॅप्रन उलटा करून झटकला.

"लोहचुंबक असेल ना तुझ्याकडे?"

"शिवणाच्या दुकानात राहिलंय, ते बंद. आज रविवार."

"मग आजोबांना दुसरं काहीतरी दे. अंडं उकड."

ती खुर्चीवर बसली. "ताई, छातीच्या दुखण्यातून उठल्यापासून ते नुसतं सूप पितात. तेही मी मागे लागले तर. काल पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने म्हणाले, 'उद्या ब्राशोले कर.' त्यांना दात नाहीत. टाळूवर दाबतात आणि गिळतात. सुई असली तर त्यांना कळणारसुद्धा नाही."

"मग उसव सगळे."

"उसवले की भरलेलं सगळं सांडतं. लगदा होईल. आणि विचारलं तर काय सांगू? जे आयुष्यभर म्हणत आले तेच खरं झालं म्हणून?"

मी मनात संत अंतोनीचा धावा सुरू केला. हरवलेलं शोधायचं काम त्याचं, आणि इतक्या वर्षांत त्याने माझ्या किल्ल्या कितीदा तरी दिल्यात. बाहेर मिस्सेची घंटा झाली. आजोबा चर्चला कधीच गेले होते. आजारानंतर पहिल्यांदाच कोट घालून, कोणाला हात न लावू देता.

इंकोरोनाता उठली. पहिली गुंडाळी ताटलीत घेतली, टाके कात्रीने कापले. चीज आणि पार्सली भळकन बाहेर आली. ती बोटांनी चिवडत होती, चटके बसत होते तरी. काही नाही. दुसरी. काही नाही. शेवटची उसवली तेव्हा ताटात मांसाच्या चिंध्यांचा ढीग झाला होता आणि सुई नव्हती. मग रस्सा चाळणीतून गाळला. तळाचा गाळ मी बोटांनी चाचपला. नाही.

"म्हणजे मांसात रुतलीय," ती म्हणाली. "आरपार आत." आणि ती त्या चिंध्याही कुस्करायला लागली. मी म्हटलं, "फेकून दे गं सगळं." तिने ऐकलंच नाही.

मिस्सा सुटली. दारात काठी वाजली.

"वास येतोय," ओरोंझोआजोबा म्हणाले. "वाढा."

"पापा," इंकोरोनाता म्हणाली. "वाढता येत नाही. सुई हरवलीय. तुम्ही म्हणत होता ना, तसंच झालं."

आजोबा जागेवर उभे राहिले. मला वाटलं आता ऐकवतील. पण त्यांनी कोटाची कॉलर उलटी केली आणि चाचपून तिथून सुई काढली. तिच्यात अजून पांढऱ्या दोऱ्याचं शेपूट लोंबत होतं.

"ओवलेली दिसली," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मला ओवता येत नाही आता. बटण तुटलं होतं."

कोटाचं मधलं बटण ब्राशोल्यांच्या जाड दोऱ्याने शिवलेलं होतं, वाकडं, दोन बोटं खाली.

"मला सांगायचं ना!" इंकोरोनाता ओरडली. "माझा जीव गेला असता पापा!"

"बटणासाठी काय सांगायचं? आहेत की तुला नवरीमुलींचे पोशाख शिवायला." मग त्यांनी नाक ताटाजवळ नेलं. "हे काय केलंस?"

"ब्राशोले. उसवलेले."

"सगळे?"

"सगळे."

ते बसले. तिने रस्सा आणि चिंध्या एकत्र करून पास्त्यावर घातल्या. त्यांनी चमचा उचलला, पण ती आडवी आली आणि पहिला घास स्वतः चावून बघितला, सुई समोर टेबलावर दिसत असताना. त्यांनी तो खाऊ दिला.

"असं मला गिळायला सोपं जातं," ते थोड्या वेळाने म्हणाले आणि ताट पुढे केलं. मग खांदे मागे करून कोट उतरवला आणि तिच्या मांडीवर टाकला.

मी निघाले तेव्हा ती बटण उसवत होती. माझी संध्याकाळची मिस्सा अजून आहे. अंतोनीला मेणबत्ती लावायचीय.