खाली बस, असं तो म्हणाला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या शेजारी बसून आयुष्यभर इतरांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या त्यांनाही नाही.

क्रीडापानावर मी एक मत पुन्हा पुन्हा मांडलं – अमेरिकन फुटबॉलमधला धावणारा क्वार्टरबॅक फार वर्षं टिकत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे डाव सुरू करणारा गडी. त्यानं मागे उभं राहून चेंडू फेकायचा; पण काही जण चेंडू घेऊन स्वतःच सुटतात. जो सुटतो त्याला धडका बसतात, ज्याला धडका बसतात तो संपतो. दाखला म्हणून मी 'आखातात पाहिलेला एक उमदा खेळाडू' असं लिहायचो. नाव देत नसे. दिलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं – त्याचं पुढे काय झालं?

त्याचं नाव अन्वर. रत्नागिरीकडचा, गावात कबड्डी गाजवलेला. आखाती युद्धात तो सौदीतल्या अल-खोबरजवळच्या अमेरिकन तळावर पाण्याचा टँकर न्यायचा. मी तिथल्याच एका कंपनीत नोकरीला होतो आणि पुण्यातल्या माझ्या जुन्या वर्तमानपत्राला मजकूर पाठवायचा प्रयत्न करत होतो. युद्धाच्या बातम्या त्यांना एजन्सीकडून मिळत. माझं काही छापून येत नव्हतं.

तळावरच्या पाण्याच्या टाक्यांमागच्या रेतीत गॅस मास्कच्या पिशव्या ठेवून सैनिक मैदान आखत. एकदा गडी कमी पडला म्हणून त्यांनी अन्वरला घेतलं. "ह्या पपईला बॉल कोण बोलतो ओ?" त्यांच्या लांबट चेंडूकडे बघत तो मला म्हणाला, आणि ती पपई काखेत धरून असा पळाला की कुणाच्या हाती लागला नाही. पुढच्या खेळापासून तोच क्वार्टरबॅक. मला मजकूर मिळाला – कोकणचा कबड्डीपटू अमेरिकन फौजेला पळवतो. फक्त शेवट नव्हता.

अन्वरला इंग्रजी येत नसे. दुभाष्या मी. संघाचा म्होरक्या एक पोक्त सार्जंट होता, कॉलेजात हाच खेळ खेळलेला. एकदा खेळ मध्येच थांबला असताना अन्वरचा सुजलेला गुडघा दाबून बघत तो मला म्हणाला, "त्याला सांग, कुणी अंगावर येताना दिसला की पाय पुढे करून घसरायचं, खाली बसायचं. डाव तिथंच थांबतो, मग कुणी हात लावत नाही. पळणारे टिकतात – खाली बसायला शिकले तर."

"भाऊ, काय बोलला तो?" अन्वरनं विचारलं.

कबड्डीत पकडीत सापडलेला गडी आडवा पडूनही मध्यरेषेला बोट लावायला धडपडतो. आपण होऊन बसायचं, हे अन्वरला कुणी सांगितल्याशिवाय सुचणं शक्य नव्हतं. हे मला माहीत होतं. आणि धडकेआधी खाली बसणाऱ्या माणसावर कोण लेख छापणार?

"म्हणाला, असाच पळ," मी सांगितलं.

चूक नव्हे. घाई नव्हे. मी शब्द निवडून सांगितलं – माझा धंदाच तो.

त्याच खेळात दोघं समोरून आले. अन्वर थांबला नाही. रेषेच्या पिशवीला त्याचा हात लागला आणि डावा गुडघा उलटा वळला. सार्जंट मैदानात धावत आला आणि माझ्यावर ओरडला, "तू त्याला सांगितलंस ना?" मी म्हणालो, "सांगितलं. ऐकलं नाही त्यानं."

पुन्हा वाचा हे वाक्य. मला आजही त्या माणसाच्या – माझ्याच – थोबाडीत मारावीशी वाटते. आणि वर मी सिद्धान्त काय मांडला? धावणारे टिकत नाहीत! जसं काही ते पायांचंच काम होतं.

अन्वरला टँकरचा क्लच दाबता येईना. कफीलनं, म्हणजे त्याला कामावर आणलेल्या अरब मालकानं, 'खलास' म्हटलं आणि त्याला घरी पाठवायचं ठरवलं. लेख छापून आला, ठळक, माझ्या नावासकट.

निघताना अन्वर कुबडीवर उभा होता. हसत होता. म्हणाला, "भाऊ, सार्जंटला सांगा, तो बोलला तसाच पळालो. बसलो नाय कुठं."

सार्जंट तेव्हा तळावरच होता. मी त्याला तेही सांगितलं नाही.