सुषमाचा हात

लेकीसाठी चायना ग्रास उकळायला ठेवलं, की स्वयंपाकघरात यवतमाळच्या आमच्या प्रयोगशाळेचा वास येतो. तिथेही आम्ही असंच पारदर्शक जेल वितळवून साच्यात थिजवायचो. त्याच्या बारीक खाचांत कपाशीच्या पानातला डीएनए भरायचा आणि वीज सोडायची. बियाणं अस्सल असेल, तर बोंडअळीला मारणाऱ्या जनुकाची केशरी रेघ दिव्याखाली चमकायची.

बोगस बियाण्याने गावंच्या गावं हवालदिल झाली होती. त्या वर्षी बाबांनी घाटंजीहून आमच्याच शेतातली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. तपासणीच्या दिवशी ते पुन्हा आले आणि माझ्या मागे उभे राहिले. डीएनए मिसळलेला निळा थेंब जेलच्या खाचेत सोडताना माझा हात असा हलला, की खाचच फाटली.

"तुहा हात काहून थरथरून राह्यला?" बाबा म्हणाले. "त्या पोरीले करू दे."

ती पोरगी म्हणजे माझी सोबतीण सुषमा, नागपूरची. तिने एकेक थेंब अलगद उतरवला. बाबा तिच्या बोटांकडे ज्या कौतुकाने पाहत होते, ते माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी नुसती जळत होते. मग दिव्याखाली अस्सल नमुन्याची रेघ उजळली; आमच्या पानांच्या जागी काहीच नव्हतं. बाबांनी विचारलंही तिलाच.

"काका, बियाणं बोगस आहे," ती शांतपणे म्हणाली.

तिच्या त्या हाताचा मी कित्येक वर्षं हेवा केला. तिच्यासाठी ती नुसती कपाशीची पानं होती, म्हणून तो हात हलला नाही, हे मला फार उशिरा कळलं. आता हेवा वाटतो तो त्याचाच.