राईतले धवले आणि ‘लुप्त’ हा शब्द

सांगलीहून निघालो तेव्हा पिशवीत दोन शर्ट आणि एक छापील शोधनिबंध होता. त्यातल्या एका वाक्याखाली मी लाल रेघ मारली होती : ‘राई गावात पारंपरिक गीते आढळली नाहीत.’ प्रणाली राईची, आमच्या चळवळीतली. एम.ए.साठी ती आपल्या आत्याच्या धवल्यांवर (लग्नविधीत म्हणायची गीतं) पेपर वाचणार होती. भाईंदरच्या बहुविद्याशाखीय चर्चासत्राने तो अडवला. कारण हेच वाक्य. जे नाहीच, त्यावर पेपर कसला?

भाईंदर पश्चिमेला एका दुकानदाराला विचारलं, “राईची बस कुठं मिळेल?”

“उधर से मिलेगी, दादा.”

इमारती, इमारती, मग एकदम खाडीचा वारा आणि वाळत घातलेली जाळी. मध्येच भराव टाकून बुजवलेलं शेत, त्यावर फ्लॅटची जाहिरात.

आत्याने तांदळाची भाकरी आणि सुकट (सुकी बारीक मासळी) वाढली. दुसऱ्या भाकरीला मी म्हणालो, “आत्या, एखादं गाणं म्हणा की.”

“गानी मना न्हाय येत.”

मी गार. प्रणाली हसायला लागली. “त्या निबंधाच्या सर्वेवाल्यांचंही हेच झालं. हिंदीत विचारलं, गाना आता है? ही म्हणाली, नहीं आता. मारली फुली! अरे, धवला म्हणजे गाणं नव्हे. तो विधी आहे.”

“मग धवले येतात, आत्या?”

“अर्ध्या गावाची लगना मीच लावलीय, बाला!”

दुसऱ्या दिवशी तिघं भाईंदर पूर्वेच्या नवघरला, चर्चासत्राला. बॅनरवर कला, संवाद, शिक्षण असं सगळं होतं. निमंत्रक सर म्हणजे त्या निबंधाचेच लेखक. मी माईक धरला. “सर, राईत तुम्ही कोणत्या शब्दात विचारलंत?”

“प्रश्नावली प्रमाणित होती.”

“धवले म्हणणाऱ्या बाई इथंच बसल्यात.”

“मग म्हणू द्या दोन ओळी. रेकॉर्ड करून घेऊ.”

आत्या जागची हलली नाही. “लगीन कुनाचा हाय?”

सभागृह खो खो हसलं. तिने विनोद केलाच नव्हता. मांडव नाही, हळद नाही, नवरी नाही. धवला म्हणायचा कुणासाठी? यांच्या माईकसाठी?

सर मग समजुतीने बोलले. समजुतीचीच मला जास्त चीड आली. “प्रणाली, शीर्षक ‘राईतील लुप्त धवले’ असं कर. आत्ता घेतो. दोन्ही संशोधनं जुळतील.”

पेपर वाचला नाही तर तिचं एम.ए.चं सत्र वाया जाणार होतं. तिने पेन उघडलं.

“लुप्त म्हंजे काय गो?” आत्याने विचारलं.

“मेलेलं.”

“आनि मी?”

प्रणालीने पेन बंद केलं. “शीर्षक नाही बदलत, सर.”

सांगलीच्या बसमध्ये रात्रभर मनात शिव्या घालत होतो, आणि त्यातल्या काही माझ्याही वाट्याच्या होत्या. आम्हीही वस्त्यांवर आमच्याच शब्दांत छापलेले प्रश्न घेऊन जातो. किती घरांपुढे ‘नाही’ लिहून आलोय, कुणास ठाऊक. राईत जेवण होईपर्यंतही मला दम निघाला नव्हता, आणि मागितलं तेही ‘गाणं’च. पण मी निदान पुन्हा विचारलं. पुन्हा विचारायला पदवी लागत नाही हो!

प्रणालीचं सत्र गेलं. सरांचा निबंध आहे तिथेच आहे, उद्या कुणीतरी त्याचा आधार घेऊन पुढचा लिहील. एका जिवंत बाईला मेलेली म्हणायला नकार दिला, त्याची ही शिक्षा.