पिशवीभर हवा

आमच्या शेडवर दर तीन महिन्यांनी एक गृहस्थ पिशवीभर हवा घेऊन यायचे. चेष्टा नाही. रुपेरी, चकचकीत पिशवी, उशीसारखी फुगलेली, तोंडाला नळी आणि नळीला चाप. आत हवा. डिंभे धरणाच्याही वर, घाटाच्या कुशीतल्या आपल्या वाडीतून ते ती हातपंपाने भरून आणायचे. एसटीने मंचर, तिथून जीपने कळंब, आणि हमरस्त्यापासून शेडपर्यंत पायी, पिशवी पोटाशी धरून, लेकीचं पहिलं बाळ घरी आणावं तसे. त्यांचं नाव रजिस्टरात होतं, पण आम्ही सगळे त्यांना हवावाले म्हणायचो, आणि त्यांनाही ते आवडायचं.

शेड म्हणजे ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरची पाती कडक करायचा कारखाना. पोलाद भट्टीत लाल होत असताना त्याला हवा लागू द्यायची नसते, म्हणून भट्टीच्या पोटात एक वायू खेळवलेला असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. दाराच्या फटीतून तो बाहेर आला तर माणसाला आधी डोकेदुखी देतो, मग झोप, आणि ती झोप मोडत नाही. म्हणून भिंतीवर एक सेन्सर लावायचा. तो हा वायू मोजत राहतो, आकडा दाखवतो आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवतो. मी तिथे खरेदी, स्टोअर, हजेरी आणि बढाया अशी चार खाती सांभाळत होतो. भट्टीवर कामाला बेल्हे गावचा पोपट, दिवसभर तिच्या दारापाशी उभा. वर शेठ. आणि सेन्सर बसवायला आले ते हवावाले. चाकणच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं असलीच यंत्रं सांभाळून ते भातशेतीकडे परतले होते.

शेठ म्हणाले, सेन्सर वर छतापाशी लावा, येता-जाता कोणाचा धक्का नको. हवावाल्यांनी ते शांतपणे ऐकलं. मग पोपटला भिंतीला पाठ लावून उभं केलं, शाळेत उंची मोजतात तसं, आणि त्याच्या नाकाच्या रेषेत खडूने खूण केली. पोपट उंचीने बेताचाच. इतक्या खाली कशाला, शेठनी विचारलं. हवावाले म्हणाले, "श्वास हा घेतोय, शेठ. छत घेत नाय." पोपट पुढे आठवडाभर सगळ्यांना ती खूण दाखवत हिंडला. कारखान्यात आपल्या मापाने काही बसवलं गेल्याची ती त्याची पहिलीच वेळ.

यंत्राला आधी ‘काहीच नाही’ म्हणजे काय ते शिकवावं लागतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. स्वच्छ हवा त्याच्या तोंडाशी सोडायची, थांबायचं आणि सांगायचं, हे शून्य. मग सिलिंडरमधला मोजून भरलेला वायू सोडायचा आणि सांगायचं, हे शंभर. मधलं सगळं ते आपलं आपण ओळखतं. स्वच्छ हवेचाही सिलिंडर मिळतो, पण पहिल्या वेळी तो आलाच नव्हता. शेठ म्हणाले, दार उघडा आणि इथल्याच हवेवर उरका. दाराबाहेर हमरस्ता, टोमॅटोच्या क्रेटचे टेम्पो नारायणगावाकडे धूर सोडत चाललेले. हवावाले घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर झाले. त्यानंतर सिलिंडर मागवायचं आम्ही विसरूनच गेलो.

एसटीतल्या गमती ते स्वतःच सांगत, चेहरा अगदी कोरा ठेवून. एकदा कंडक्टरने विचारलं, यात काय. हे म्हणाले, हवा. कुठली हवा? घाटाची. कंडक्टर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग पाव्हणं, मांडीवर घ्या. सीट अडवली तर अर्धं तिकीट फाडीन."

पण खरा सोहळा शेडमध्ये. हवावाले स्टुलावर बसायचे, भोंगा तेवढ्यापुरता बंद करायचे, नळी सेन्सरला जोडायचे आणि चाप हळूच सैल करायचे. पिशवीतून बारीक, एकसारखा सुस्कारा निघायचा. यंत्राचा आकडा निवळेपर्यंत घाई करायची नाही हा त्यांचा कायदा. त्या वेळात ते अर्धे डोळे मिटून, कोणाला म्हणून नाही असं, सांगत राहायचे. ही पहाटेची आहे. दव व्हतं. करवंदीच्या जाळीवरनं आली. वरच्या कड्यावर जरा थांबली आणि मग खाली उतरली. पोपट काम सोडून ऐकायचा, मीही हातातली चलनं विसरून. भट्टी मागे गुरगुरत असायची, पत्रा तापलेला असायचा, आणि आमच्या मधोमध एक आख्खा डोंगर हळूहळू रिकामा होत असायचा. पिशवी चपटी झाली की जाग आल्यासारखं व्हायचं. सगळ्यांनाच थोडं गार वाटायचं, आणि ते का, हे मी आजही सांगू शकत नाही.

उन्हाळा होता, पाती विकायचा हंगाम. हवावाले ठरल्या दिवशी आले, पिशवी जोडली, आणि आकडा शून्याऐवजी अडतीसवर जाऊन बसला. ते थांबले. आकडा हलला नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी शेजारीच होतो आणि मी काय केलं? मी विनोद केला. म्हणालो, यंत्र म्हातारं झालं, डोंगर बघून भुलायला लागलं. ते हसले. उन्हाने सेन्सरचा आकडा सरकला असणार, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि अडतीसला शून्य ठरवून टाकलं. रजिस्टरात त्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पहिला भार भट्टीत तापलेला, टेम्पो मालासाठी उभा, आणि हवावाले धावत आले. दोन पिशव्या, केस विस्कटलेले. त्यांनी पोपटच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं, शटरं वर केली आणि म्हणाले, भट्टी बंद करा.

शेठ भडकले. आत आख्खा भार लाल झालेला, बंद केली तर सगळी पाती वाया. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. यंत्र शून्य दाखवत होतं.

"ते मी शिकवलेलं शून्य आहे, शेठ," हवावाले म्हणाले. "ते चुकीचं आहे."

मग सगळं कळलं. त्यांच्याकडे त्या दिवसांत राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला, फांद्या, शेण पसरून जाळायचं, म्हणजे तण उगवत नाही आणि रोप जोमात येतं. आख्ख्या उतारावर धूर दाटलेला असतो. पिशवी त्यांनी त्याच धुरात भरली होती, आणि धुरातही तोच वायू असतो. लेक बाळाला घेऊन माहेरी आली, बाळ खोकायला लागलं, ती म्हणाली, "आबा, केवढा धूर झालाय." यांनी विचारलं, कुठं? आणि विचारता विचारता त्यांना ती पिशवी आठवली. तो वास त्यांना जन्मापासून घराचा वास होता. त्यांच्या नाकाला तो वास नव्हताच. वाडीत फोनला रेंज नाही, आणि वाटेत लावला तर भट्टीच्या आवाजात शेडवर कोणी उचलेना. तांबडं फुटताना, एकही चूल पेटायच्या आत, ते कड्यावर चढले, पिशव्या भरल्या आणि मिळेल त्या गाडीने निघाले.

शेठनी गुमान भट्टी बंद करायला सांगितली. हवावाल्यांनी कड्यावरची हवा जोडून शून्य पुन्हा लावलं, शंभर तपासलं, भोंगा चालू केला आणि नळी काढली. शेडची हवा आत गेली मात्र, भोंगा असा ओरडला की बाहेरच्या टेम्पोवाल्याने गाडी मागे घेतली. भट्टीच्या दाराची फट बुजवणारी दोरी एका कोपऱ्यात जळून गेलेली सापडली.

पोपट बाहेर दगडावर बसून होता. "दोन दिस डोकं लई जड व्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, उन्हाचं. आज भट्टीमागं सावलीला जरा पडणार व्हतो."

पोपटला मंचरला दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत तो बरा होता. शेठचाही राग एव्हाना उतरला होता. ते म्हणाले, चुका होतात, पुढच्या वेळी सिलिंडर मागवू, तुम्ही या. हवावाल्यांनी रजिस्टर मागून घेतलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मागील शून्य चुकीचे. चूक माझी.’ आणि मला म्हणाले, "ते खरं सांगत व्हतं, भाऊ. अडतीस म्हणत व्हतं. मीच त्याला गप केलं." अवजारांची पेटी उचलली आणि गेले. परत आले नाहीत. पुण्याहून दुसरा माणूस यायला लागला, सिलिंडर घेऊन. काम चोख. तो आला की कोणी हातातलं काम थांबवत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात पोपट म्हणाला, हवावाल्यांना बघून येऊ. आम्ही दोघं मोटारसायकलवर वाडीत पोचलो. राबाचेच दिवस. उतारावर ठिकठिकाणी निळा धूर उठत होता, इतका मंद की डोंगर झोपेत श्वास घेतोय असं वाटावं. हवावाल्यांनी आमचं स्वागत केलं, अंगणात पोपटसाठी बाज टाकली, चहा आला, नाचणीची भाकरी आली. कारखान्याचा विषय कोणी काढला नाही. त्यांनी फक्त एकदा पोपटला विचारलं, डोकं दुखतं का अजून. पोपट म्हणाला, न्हाई. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.

तेवढ्यात वारा फिरला आणि धुराची एक पट्टी अंगणात आली. आम्हाला ती नीट जाणवलीही नव्हती. हवावाले बोलता बोलता उठले, शेजारच्या पोराकडे बघत त्यांनी नाकाला हात लावून विचारलं, धूर येतोय का, पोराने मान डोलावली, तसं त्यांनी बाजेचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. पोपट वर बसलेलाच, हातात चहा. बाज आम्ही दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली आणि गप्पा पुढे सुरू झाल्या. अर्ध्या तासाने वारा पुन्हा फिरला, पुन्हा बाज उचलली. दुपार कलेपर्यंत पोपटने त्या अंगणाला बसल्या जागी पूर्ण प्रदक्षिणा घातली होती.