एका नंबराचे दोन फोन

संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी घरातल्या एका माणसाला मोटर, पाइप आणि टाकी यांच्यामागे पळावं लागतं. आमच्या घरात ते माणूस मीच. त्या सकाळी टाकी भरेपर्यंत मी गच्चीच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, आणि तिथंच मला ते दिसलं. एकाच नंबरावरून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आमच्या सर्व्हरशी बोलत होते. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि तोवर टाकी भरून पाणी जिन्यावरून माझ्या पायांशी आलं.

हा नंबर म्हणजे सिमकार्डाचा नंबर नव्हे. अ‍ॅप फोनमध्ये पहिल्यांदा बसवलं की ते स्वतःसाठी एक लांबलचक नंबर तयार करतं. त्याचा माणसाच्या नावागावाशी काही संबंध नसतो. त्या एका फोनमधलं ते एक अ‍ॅप, एवढीच त्याची ओळख. सर्व्हर ओळखीचा नंबर असेल तरच दार उघडतो, नाहीतर नाही. दोन फोनांचा नंबर कधी एक होत नाही, असं मी स्वतः एका बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं होतं.

ती बैठक मला चांगली आठवते. आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं. एका संस्थेसाठी आम्ही अ‍ॅप केलं होतं. क्षयाचं औषध चालू असलेल्या माणसांकडे संस्थेच्या बायका जायच्या, गोळी घेतली का ते विचारायच्या आणि अ‍ॅपमध्ये नावापुढे हिरवी खूण करायच्या. सुरुवातीला अ‍ॅप उघडताना चार आकडी पिन लागायचा. चितेगावच्या बाजूची गावं बघणारी एक पन्नाशीची मावशी बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "जय भीम मॅडम. तेवढा पिन काढा बरं. एका दारात एकदा, दुसऱ्या दारात परत एकदा. उन्हात ती काच बी दिसत नाय. लई कटकट हाय." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, काढते. प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा नंबर आहे, पिनची गरजच नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला फार बरं वाटलं. मला कुणी टाळ्या वाजवल्या की माझी अक्कल चरायला जाते.

आता जो नंबर दोन फोनांत दिसत होता, तो त्याच मावशीचा होता. यादी तिची होती. अकरा नावं, गाव, वस्ती, औषध कधी सुरू झालं, कुठल्या दिवशी खाडा झाला.

क्षयाचं नाव कुणाच्या तोंडी गेलं की काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकोणीस वर्षांची असताना मी त्या गोळ्या खाल्ल्या आहेत. आईनं त्या च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या. माझ्या पेल्याच्या बुडाला तिनं नखपॉलिशचा लाल ठिपका लावला होता, आणि पाहुणे आले की तो पेला कपाटात जायचा. मावश्या-आत्यांना सांगितलं होतं, पोरीला अशक्तपणा आहे. मी बरी झाले, नोकरीला लागले, पण ऑफिसातल्या चार माणसांना तोवरही हे माहीत नव्हतं. आणि ती अकरा नावं मी कुणाच्या तरी हातात देऊन मोकळी झाले होते.

चूक कुठं झाली, ते मला जिन्यातच कळलं. तो नंबर फोनच्या बॅकअपमध्ये जाऊ नये, दुसऱ्या फोनवर नकलून जाऊ नये, यासाठी एक ओळ लिहायची असते. ती मी लिहिली नव्हती. विसरले होते, दुसरं काही नाही. मावशीनं नवा फोन घेतला असणार आणि दुकानदारानं जुन्यातलं सगळं नव्यात जसंच्या तसं उतरवून दिलं असणार. त्या सगळ्यात माझा नंबरही गेला. नवा फोन मावशीकडे. मग जुना कुणाकडे?

मी तो नंबर तिथल्या तिथं बंद करू शकत होते. एक बटण होतं. ते दाबलं की दोन्ही फोनांतली यादी पुसली गेली असती. पण रानातल्या बऱ्याच वस्त्यांवर रेंज नसते, त्यामुळे मावशीच्या आदल्या दिवसापासूनच्या खुणा अजून तिच्या फोनमध्येच अडकल्या होत्या. त्याही गेल्या असत्या. मी स्वतःला सांगितलं, त्या खुणांसाठी थांब. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की बटण दाबलं की संस्थेला आपोआप सूचना जायची, आणि मग कारण सांगावं लागलं असतं. मला आधी बघायचं होतं की गुपचूप निस्तरता येतं का. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

मावशीला चार वेळा फोन लावला. चारही वेळा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी ओल्या चपलांनीच स्कूटी काढली. पैठण रोडवर खोदलेल्या पाइपलाइनच्या कडेकडेनं जाताना डोक्यात एकच चाललं होतं. तो फोन आता कुणाच्या हातात असेल? पारावर चार जण एका फोनमध्ये डोकं घालून बसलेत आणि एक जण नावं मोठ्यानं वाचतोय, असं मला दर दोन मिनिटांनी दिसायचं. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी मला दोनदा शिव्या दिल्या.

विचारत विचारत गेले तेव्हा मावशी चितेगावला एका मोठ्या कंपनीच्या गेटाजवळच्या चहाच्या टपरीवर भेटली. पदरानं घाम पुसत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"व्हय, नवा घेतला. पोरानं घेऊन दिला," ती म्हणाली. "जुना दुकानात देला. दुकानवाला म्हणला, मी साफ करतो मौसी, तुम्ही काळजी करू नका."

"साफ केला नाही त्यानं, मावशी."

"आता गं बया," ती म्हणाली आणि उठलीच.

आधी तिला रेंजमध्ये उभं करून तिच्या अडकलेल्या खुणा सर्व्हरवर येऊ दिल्या. मग दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक टपरीवजा खोली, काउंटरच्या काचेखाली उघडे पडलेले फोन. दुकानदार शांत माणूस होता, त्याचा मला फार राग आला.

"साफ कियेच थे ना मॅडम," तो म्हणाला. "फोटो निकाले, मेसेज निकाले, सिम निकाले. पूरा रिसेट मारते तो पुराना पासवर्ड मांगता. मौसी को पासवर्ड याद नै. फिर फोन डब्बा हो जाता, कौन लेंगा?"

त्याच्या बाजूनं ते बरोबर होतं. पूर्ण पुसला की फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो, म्हणून आमच्याकडे कुणी पूर्ण पुसतच नाही. दिसणारं तेवढं काढायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचं. शहरात बसून अ‍ॅप लिहिणाऱ्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं.

"कुणाला दिला?" मी विचारलं.

त्यानं मावशीकडे बोट केलं. "इनोंच भेजे थे ना. वो मेंढरवाले बाबा को."

मावशीनं स्टूल ओढलं आणि बसली. यादीत वस्तीवरच्या एका मेंढपाळाची मुलगी होती. बारावी झालेली, एकोणीस वर्षांची. मुलीपर्यंत निरोप पोचत नाही म्हणून मावशीनंच तिच्या बापाला सांगितलं होतं, घरात एक फोन घ्या, जा त्या दुकानात. आणि दुकानदारानं त्याला मावशीचाच फोन दिला.

"तिची सुपारी फुटलीय," मावशी हळूच म्हणाली. "पोराकडच्यांना ठाव नाय. त्या फोनात तिचंच नाव हाय की वं. सोयरे आले, कुणी सहज हातात घेतला, तर?"

वस्ती पाच-सहा किलोमीटर आत होती. मावशी माझ्यामागे बसली आणि फक्त डावं-उजवं सांगत राहिली. मला वाटत होतं तिनं मला शिव्या द्याव्यात. मी मनात वाक्यं जुळवत होते, बापाला काय सांगायचं, आईला काय सांगायचं, आणि एकही वाक्य शेवटापर्यंत जात नव्हतं.

बाप मेंढरं घेऊन गेला होता. आई कंपनीत कामाला. मुलगी ओसरीवर एकटीच धान्य निवडत बसली होती. सडपातळ, गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. फोन तिच्या शेजारी सुपाच्या कडेला टेकवून ठेवला होता. स्क्रीनवर माझं अ‍ॅप उघडं होतं.

"हे तू बघतेस?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

तिनं फोन उचलून ओढणीखाली धरला. मावशी तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "घाबरू नको. माझाच फोन हाय तो. चूक आमची हाय, तुझी नाय."

"रोज बघते," मुलगी खाली मान घालून म्हणाली. "पयल्या दिवशी माझं नाव दिसलं आन् लई भ्याले. म्हणलं बापानं बघितलं तर फोनच परत देतील. पर त्यांना वाचता येत नाय. मग खाली बघितलं तर आमचे सर. मला सातवीला होते ते. त्यांना बी हाय."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

"मला वाटायचं या पट्ट्यात मी एकलीच," ती म्हणाली. "गोळी घेतली की मळमळायचं. मधी दोन दिस टाकून देल्या मी. मग सरांची खूण बघितली. सकाळी सरांच्या नावावर हिरवं झालं की मी बी घेते. आता एक बी दिस चुकले नाय."

"कुणाला सांगितलंस का? सरांचं, बाकीच्यांचं?" मी विचारलं.

"मी कुणाला सांगू?" ती म्हणाली. "माझंच सांगत नाय."

मी फोन मागितला. तिनं लगेच दिला नाही. दोन्ही हातांनी धरून एकदा यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, मग माझ्या हातात ठेवला. मी अ‍ॅप काढून टाकलं, मागं काही राहिलं नाही ना ते तीनदा तपासलं.

"मग आता मला कसं कळंल, बाकीच्यांनी घेतली का नाय?"

ती नावं तिची नव्हती, तिनं बघायला नकोच होती, आणि तरी त्यांच्यामुळेच ती गोळ्या घेत होती. मी तिथं बसून राहिले आणि माझ्याच तोंडून निघालं, "मी पण घेतल्यात या गोळ्या. तुझ्याच वयाची असताना." मावशीनं झटकन वळून बघितलं. लाल ठिपक्याच्या पेल्याचंही मी सांगून टाकलं. मुलगी आत गेली, आणि चहाच्या पावडरीचा एक जुना डबा आणून माझ्यासमोर उघडला. गोळ्यांची पाकिटं होती त्यात.

निघताना आमचं ठरलं. रोज सकाळी गोळी घेतली की तिनं मला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा आणि कट.

त्या संध्याकाळी मी संस्थेला सगळं लिहून कळवलं, सकाळी बटण न दाबता थांबले तेसुद्धा. खूप बोलणी खावी लागली आणि ती मला लागूच होती. राहिलेली ओळ लिहिली, सगळ्या बायकांना नवे नंबर दिले, पिन परत आणला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मावशी आणि मी संस्थेच्या माणसाबरोबर घरोघर जाऊन बाकीच्या दहाही जणांना सांगून आलो, की तुमचं नाव काही दिवस परक्या फोनमध्ये होतं. कुणाच्या, ते सांगितलं नाही. सर फक्त एवढंच म्हणाले, "बरं." ते एक "बरं" माझ्या अजून लक्षात आहे.

मिस्ड कॉल मात्र रोज यायचा. आठ ते साडेआठच्या मध्ये. मी आंघोळीला फोन घेऊन जाऊ लागले. सव्वाआठ झाले की माझं चित्त थाऱ्यावर नसायचं, आणि मग दोन रिंगा यायच्या.

औषधाचे दीड महिने उरले होते तेव्हा मावशीनं सांगितलं, लग्न अलीकडे घेतलंय, पोराकडच्यांना घाई आहे. तारीख आली, गेली. लग्नाच्या दिवशीही फोन आला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिचा फोन बापाकडे राहिला होता आणि तो बंद होता. तिच्या सासरी कुणाला काही माहीत नाही, विचारायचं तरी कोणाला? तो चहाचा डबा तिनं बरोबर नेला असेल का, नेला तर कुठं लपवला असेल, एवढाच विचार मी दोन दिवस करत होते. मावशी म्हणाली, जरा दम धरा.

चौथ्या दिवशी सकाळी एका अनोळखी नंबरावरून रिंग आली. दोन रिंगा आणि कट. कुठल्याही सर्व्हरनं तो नंबर ओळखीचा नाही म्हणून परत पाठवला असता. मी ओळखला.

परत फोन करायचा नाही असं ठरलं होतं. तरी मी केला. पलीकडून एका वयस्कर बाईचा खणखणीत आवाज आला.

"तुमीच का त्या संभाजीनगरच्या बाई?" ती म्हणाली. "घेतली सुनबाईनं गोळी. दोन दिस पाव्हण्यांत फोन करता आला नाय, पर गोळ्या घेतल्यात. सांगितलं तिनं मला. मी हाय की समोर बसलेली."