बेटापाशी घातलेलं गाऱ्हाणं

गणू कुबलशी माझी ओळख भांडणातून झाली. सत्त्याण्णव सालची गोष्ट. अमिरातीत, खोर फक्कानच्या पुढे किनाऱ्यावर एका लहानशा हॉटेलात मी फ्रंट ऑफिसला होते. दर शुक्रवारी गेस्टना बोटीने समोरच्या बेटावर न्यायचे, आणि सोबत स्टाफपैकी कोणीतरी हवं म्हणून मला पिटाळायचे. पहिल्याच फेरीत मी सँडविचचा उरलेला तुकडा पाण्यात टाकला, तर हा बोटवाला माझ्यावरच खेकसला, "मॅडम, नो फीडिंग! बोर्ड दिखता नहीं क्या?"

"मेल्याचा आवाज केवढा!" मी आपली तोंडातल्या तोंडात म्हणाले.

त्याने ऐकलंच. रागवायचं सोडून बघतच राहिला. "मराठी? आधी सांगूचा नाय?" म्हणाला, आणि फळीवरचं पाणी पुसून मला बसायला आपला टॉवेल घातला.

बेट कसलं, नुसता खडक. झाड नाही, सावली नाही. पण भोवतालचं पाणी सरकारने राखीव केलेलं. गळ टाकायचा नाही, नांगर टाकायचा नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बोट बांधायची आणि गेस्टनी मास्क लावून खाली बघायचं. गणू मालवणकडच्या आचऱ्याचा, जातीचा गाबित, बापजाद्यांचा धंदा मासेमारी. आणि इथे त्याची नोकरी काय, तर माशाला कोणी हात लावत नाही ना ते बघणं! बोटीखालून हातभर हमूर मासा गेला की तो चुकचुकायचा. "बघा मॅडम, कसो माजलो हा. मुक्तान ह्याचा तिखला केल्यान असता."

मुक्ताबाई ही त्याची बायको. पोरबाळ नव्हतं. बारा वर्षांत तो पाच वेळा गावी गेला होता, म्हणजे सगळा मिळून दहा महिन्यांचा संसार. हे तो हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही. माझं तरी काय वेगळं होतं? आठवडाभर गुड मॉर्निंग, गुड ईव्हनिंग करायचं आणि शुक्रवारी बोटीवर चार वाक्यं मराठी बोलायची.

त्याची एक रीत होती. गेस्ट पाण्यात उतरले की तो बोटीच्या टोकाला उभा राहायचा. हातात नारळ, तोंड पूर्वेला, आपल्या मुलखाकडे. आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा रामेश्वरा म्हाराजा..." गावात एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. इथे जमायला होतं कोण? तोच मागायचा, जरा थांबायचा आणि तोच "होय म्हाराजा" म्हणायचा. नारळ सोडावा तर पाणी राखीव. म्हणून तो नुसता बुडवून परत काढायचा आणि खोबरं गेस्टना वाटायचा. मी तेवढा वेळ लाइफ जॅकेट मोजल्याचं सोंग करायचे.

पुढच्या मार्चमध्ये मुक्ताबाईच्या पोटात गाठ निघाली. शनिवारी ऑपरेशन ठरलं. गणूचा पासपोर्ट व्हिसा रिन्यूला गेलेला. मॅनेजरने फोनवर फोन केले, पण "दोन आठवडे, इन्शाल्ला" याच्या पुढे काही सरकेना.

त्या शुक्रवारी गणू मला म्हणाला, "मॅडम, आज तुमी म्हणा. नुसता होय म्हाराजा. एकट्याच्या बोलण्याक काय अर्थ नाय. आणि जोरात, नायतर पोचणा नाय."

"अरे, मी वसईची, क्रिस्ती आहे रे."

"देव इचारणा नाय."

एक जर्मन बाई अजून बोटीतच होती, कॅमेरा घेऊन आमच्याकडे टक लावून बघत. गणूने नारळ कपाळाला लावला. "माझ्या बायलेचा उद्या आपरेशन आसा. तिका सुखरूप ठेव रे म्हाराजा!" आणि थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, नुसता थांबला. माझी जीभच हलेना. ही बाई काय म्हणेल, युनिफॉर्ममध्ये ओरडायचं कसं, असले फालतू विचार माझ्या डोक्यात. शेवटी त्यानेच म्हटलं, "होय म्हाराजा." हळू.

मुक्ताबाई रविवारी गेली.

एका शब्दाने कोणी वाचत नाही, एवढी अक्कल मला आहे. कन्फेशनमध्ये फादरही तेच म्हणाले, इंग्लिशमध्ये. तरी मला माझी लाज वाटली, आजही वाटते. पासपोर्ट हातात आला तोवर गावी तेरावंही उरकलं होतं. गणू गेलाच नाही. "आता कोणाक बघूक जाव?" म्हणाला. नारळ बंद झाला, गाऱ्हाणं बंद झालं. गेस्टनी ब्रेड टाकला तरी तो गप्प. खालून हमूर गेला तरी बघेना.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मी किचनमधून नारळ मागून घेतला. बेटापाशी पोचल्यावर गेस्ट उतरले, दोघे तेवढे बोटीत राहिले. राहू देत. मी टोकाला जाऊन उभी राहिले. शब्द नीट येत नव्हते, ऐकलेलं जोडत गेले.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा! मी ओल्गा. तू मला ओळखत नाहीस. पण हा गणू तुझाच आहे. याची मुक्ता आता तुझ्याकडे आहे, तिला नीट सांभाळ. आणि हा इथे अगदी एकटा पडलाय, याच्याकडे जरा बघ रे म्हाराजा!"

आणि थांबले. देवा, केवढं लांब असतं ते थांबणं! हा माणूस बारा वर्षं असा थांबत होता. बोयाची दोरी करकरत होती. ते दोघे गेस्ट बघत होते. गणू इंजिनापाशी पाठमोरा बसला होता, त्याचे खांदे हलत होते.

"होय म्हाराजा," तो पुटपुटला.

"जोरात, गणू," मी म्हटलं. "नाहीतर पोचणार नाही."